नोटिशीतली भट्टी

मराठी टंकलेखन यंत्रावर 'भ' हे अक्षर एका कळीत येत नाही. आधी अर्धा भ मारायचा, मग त्याला दंड द्यायचा. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे किती भ मारले ते मला सांगता यायचं नाही. भत्ता, भरपाई, भूखंड, भाडेपट्टा; कचेरीतल्या निम्म्या गोष्टी भ पासूनच सुरू होतात. पण त्यातला एक भ मला नेमका आठवतो. माघाचे दिवस होते, खिडकीतून ऊन यंत्रावर आलं होतं आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

मी नगरपालिकेत मराठी टंकलेखक होते. गाव चंद्रपूर आणि चामोर्शीच्या मधलं कुठलंतरी एक धरा. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला घरात बोलावून चहा पाजतात. माझं माहेर वरोऱ्याचं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या दोन मुली इंग्रजी टायपिंगला गेल्या. मला बाबांनी मराठीच्या क्लासला घातलं, तेही चंद्रपूरला मावशीकडे ठेवून. म्हणाले, "आता सरकार मराठीत लिवनार आहे. लिवनारा आपला असला त बरं." बाबांना स्वतःला सहीपुरतंच येत होतं. पण ते बोलले ते खरं झालं, आणि ऐंशीच्या दशकात मी त्या नगरपालिकेत चिकटले. कायम नव्हे, हंगामी. दर काही महिन्यांनी आदेश संपायचा, दोन दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा घ्यायचे. गावात मला कुणी नावानं हाक मारली नाही. मी 'टाइपबाई'.

आता ज्यांनी फक्त संगणक पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका कागदाच्या दोन-चार प्रती हव्या असल्या तर कार्बन. दोनशे हव्या असल्या तर स्टेन्सिल. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. त्यावर रिबन न लावता टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण कापलं जातं. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून दांडा फिरवायचा. यातली गोम अशी की कापताना अक्षर धड दिसत नाही. चुकलं तर लाल औषध ब्रशानं लावा, फुंकर घाला, वाळेपर्यंत थांबा आणि वर पुन्हा मारा. त्या औषधाच्या वासानं डोकं दुखायचं. म्हणून आम्ही चुका कमी करायचो, हुशारीनं नव्हे.

तरी व्हायच्या. एकदा पाण्याची टाकी धुवायची होती, म्हणून नोटीस काढली: उद्या सकाळी सातऐवजी दुपारी तीन वाजता पाणी सोडण्यात येईल. माझ्याकडून 'पा'च्या पोटात एक तिरपी रेघ जास्त पडली. संध्याकाळपर्यंत गावभर भिंतींवर चिकटलं, दुपारी तीन वाजता प्राणी सोडण्यात येईल. दुसरीकडे असतं तर लोक हसले असते. आमच्याकडे गावाच्या कडेला जंगल आणि जंगलात वाघ. दुसऱ्या दिवशी शाळेनं पोरं दुपारच्या आत घरी सोडली. एक गृहस्थ कचेरीत येऊन अगदी शांतपणे विचारून गेले, "बाई, प्रानी कोनता आहे? म्हंजे तसं घर बंद करतो." मी तेव्हा खूप हसले होते. त्या गृहस्थाच्या प्रश्नातली खरी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. नोटिशीत लिहिलं म्हणजे होणार, हे तो धरून चालला होता.

दुसरी गोष्ट डोमाजीभाऊंची. गावापासून तीन मैलांवर हळदटोला म्हणून वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, नगरपालिकेच्या हद्दीत जेमतेम येणारी. डोमाजीभाऊ तिथले जाणते. धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि हातात कायम एक कागद. टोल्यात एक बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. तिचा बांध फुटला होता आणि तो बांधून द्या असा त्यांचा अर्ज होता. सहा महिन्यांनी ते हसत आले आणि आम्हा सगळ्यांना पेढे वाटायला लागले. म्हटलं, काय झालं? त्यांनी आमचंच पत्र पुढे केलं. 'सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

"दाखल झाला न बाई," ते म्हणाले. "पोरगं शाळेत दाखल होते, तसा आमचा अर्ज दाखल झाला."

ज्यांना कचेरीची भाषा माहीत नाही त्यांना सांगते, दप्तरी दाखल म्हणजे फाइलीत टाकून दिला, विषय संपला. ते पत्र मीच टाइप केलं होतं. मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा बांधला, पुन्हा सोडला आणि उरलेलेही वाटून टाकले. जाताना म्हणाले, "बाई, आमाले मराठीत लिवत जा." मी म्हटलं, "भाऊ, हे मराठीच आहे." ते म्हणाले, "हे मराठी नाई जी. हे दुसरंच काही आहे."

त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं की आपल्या हातून जाणारा कागद डोमाजीभाऊला कळला पाहिजे. मग मी मसुद्यातले शब्द हळूच बदलू लागले. 'विहित मुदतीत' असेल तिथे 'दिलेल्या दिवसांत'. 'अनुज्ञेय नाही' असेल तिथे 'मिळणार नाही'. आमचे मुख्याधिकारी साहेब पुण्याकडचे, नियमांचे पक्के आणि स्वभावानं सरळ. त्यांना ते चालायचं. एकदा म्हणालेही, "बाई, तुमच्या नोटिशी लोक वाचतात असं ऐकतो." मी आठवडाभर हवेत होते. दोष पुढे जे झालं त्याचा आहे, या हौसेचा नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण ते तितकंसं खरं नाही.

तर तो माघ महिना. वरून एक योजना आली होती. छोट्या गावांचा आणि आसपासच्या शहरांतला कचरा एका ठिकाणी आणून मोठ्या धुराड्याच्या यंत्रात जाळायचा. त्यात दवाखान्यांतल्या पट्ट्या-सुया आणि कारखान्यांतलं नको असलेलंही जाळता येईल, असं सोबतच्या इंग्रजी कागदात लिहिलं होतं. जागा निवडली हळदटोल्याची, बोडीच्या वरच्या अंगाची गायरान जमीन. कुणाची हरकत असली तर तीस दिवसांत लेखी द्यायची होती. ओव्हरसियरनं मसुदा करून दिला. त्यात शब्द होता 'कचरा भस्मीकरण संयंत्र'.

मी तो शब्द दोनदा वाचला. डोमाजीभाऊ डोळ्यांपुढे आले. भस्मीकरण म्हटलं तर त्यांना शंकराच्या देवळातला अंगारा वाटायचा. मी वरच्या विषयाच्या ओळीत त्यांचा शब्द तसाच ठेवला आणि खाली मजकुरात सगळीकडे सोपा करून लिहिलं: 'हळदटोला येथे नगरपालिकेतर्फे भट्टी उभारण्याचे योजिले आहे.' अर्धा भ, दंड. सुटसुटीत झालं. साहेबांनी सही केली.

इथं दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, साहेब लोक कागदाचा फक्त विषय वाचतात. दोन, कोतवाल विषय सोडून बाकीचं वाचतो. दवंडी देणारा आमचा दशरथ कोतवाल 'सर्व लोकांस कळविण्यात येते की' पासून सुरुवात करायचा, कारण त्याच्या मते वरचं सगळं साहेबांचं आपसातलं असतं. त्यानं टोल्यात डफ वाजवला आणि आपल्या भाषेत सांगितलं, "आयका हो, इथी भट्टी होऊन राह्यली. कोनाची हरकत असन त तीस दिवसांत सांगा."

आमच्या मुलखात भट्टी म्हटलं की दोन गोष्टी. एक मोहाच्या दारूची, ती नगरपालिका कशाला काढेल. उरली विटांची. विटाभट्टी.

हे मला तेव्हा सुचलं नाही. मी वरोऱ्याची, कापसाच्या गावची. धान निघाल्यावर टोल्यातली माणसं कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. ती मिरची तोडायला आंध्रात जायची. बिऱ्हाडं घेऊन, म्हातारी माणसं आणि बकऱ्या मागे ठेवून. तिखटानं हाताची आग आग व्हायची, पोरं आजारी पडायची. आणि आता दाराशी विटाभट्टी होणार होती. म्हणजे काम घराजवळ.

पंधरा दिवसांत टोल्यातून साठेक अंगठ्यांचा कागद आला: 'भट्टीला आमची हरकत नाही. काम आमच्या लोकांना द्यावे.' साहेब तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बघा बाई. बाकी सगळीकडे अशा कामाला लोक विरोध करतात. आणि इथं बघा." मलाही बरं वाटलं. कामाचं वाक्य मी वाचलं, पण त्यावर थांबले नाही.

मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा डोमाजीभाऊ आले. सोबत त्यांच्या शेजारची पारबताबाई, पन्नाशीची, काटक, बोलायला सुरुवात करण्याआधी पदर कमरेला खोचणारी. ते दोघे थेट माझ्याकडे आले.

"बाई, माती कुठून घेनार आहे नगरपालिका?" डोमाजीभाऊंनी विचारलं. "बोडीतली घ्या म्हना. गाळ बी निंगन आन इटाले मातीही चांगली आहे."

पारबताबाई म्हणाली, "आन त्या जागेवर माहे चार मोहं आहेत जी. ते नोका तोडू. इटा वाळवाले खालती जागा आहे, मी दाखवतो. आता महिन्याभरात मोह पडन."

मी म्हटलं, "इटा?"

"भट्टीच्या इटा," ती म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघत होते. डोमाजीभाऊ म्हणाले, "आमी यंदा मिरचीले गेलोच नाई न बाई. माहा लेक, सून, सारे घरीच आहेत. तुमचं लिवलेलं होतं, म्हनून इचारासारखं काही नव्हतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते." ते 'बरं जी' म्हणून गेले. दारातून बाहेर पडेपर्यंत पारबताबाई बोडीतल्या मातीचंच बोलत होती. त्यांना मी परत बोलावलं नाही याची लाज मला आजही वाटते.

माझा कायम होण्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. हे सांगायला नको, पण सांगायलाच हवं. दुसरा पूर्ण दिवस मी काही बोलले नाही. मृत्यूचे दाखले टाइप करत बसले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी नोटीस मागवली. पहिल्यांदाच विषयाच्या खालचं वाचलं. मग म्हणाले, "साठ अंगठे आहेत, बाई. जिल्ह्याला कळवूनही झालं." भिंतीवरचं कॅलेंडर बघून ते म्हणाले, "मुदत मंगळवारपर्यंत आहे. तोपर्यंत कुणी हरकत आणली तर मी घेईन आणि सुनावणी लावीन. लोकांना हरकत घ्या म्हणून सांगायला जाणं हे माझं काम नाही." नोटीस परत देताना चष्मा पुसत म्हणाले, "तुमचंही नाही. कार्यालयीन वेळेत तरी."

रविवारी सकाळी मी एस.टी.नं फाट्यापर्यंत गेले आणि तिथून पायी. पिशवीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा, तीन पेनं आणि शाईचं पॅड. सगळं घरचं, कचेरीचं काही घेतलं नाही. टोल्यातली माणसं त्याच गायरानात, मोहाखाली जमली. पारबताबाईनं झाडाखालची जागा आधीच झाडून, पाचोळा जाळून साफ करून ठेवली होती, फूल पडलं की धुळीत जाऊ नये म्हणून. मी त्या साफ जमिनीवर बसून त्यांना सांगितलं की विटाभट्टी होणार नाही. काय होणार आहे तेही सांगितलं. चूक माझी आहे हेही.

मला वाटलं होतं, चिडतील. पण डोमाजीभाऊंच्या सुनेनं विचारलं, "म्हंजे काम नाई?"

"नाही," मी म्हटलं.

पहिला प्रश्न धुराचा नव्हता, कचऱ्याचा नव्हता. मिरचीचा हंगाम अर्धा निघून गेला होता आणि तो माझ्या एका शब्दानं गेला होता. मी रडले नाही. रडायचा हक्क तिथं माझा नव्हता.

मग हळूहळू बाकीचे प्रश्न आले. कोणाचा कचरा? चंद्रपूरचा बी? दवाखान्यातला म्हंजे काय काय? राख कुठी टाकनार? बोडीच्या वरतंच काऊन? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. राख कुठे टाकणार ते इंग्रजी कागदातही नव्हतं.

कचेरीचा एक रिवाज असा की एका कागदावर शंभर अंगठे असले तरी ती हरकत एकच धरतात. शंभर कागद असले आणि मजकूर वेगळा असला तर शंभर. म्हणून मी म्हटलं, प्रत्येकानं आपापली हरकत सांगायची, मी लिहीन, तुम्ही बोलाल तशीच. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत लिहीत होते. मध्ये कुणीतरी आंबील आणून दिली. एकीनं सांगितलं, "धान वाळत घालतो तिथी काजळी पडन." एकानं सांगितलं, "बोडीत मासे आहेत, थेच आमचं कालवन." एक म्हातारे बराच वेळ विचार करून म्हणाले, "इथी आमचा देव बसते. त्याले धूर सोसत नाई." पारबताबाई म्हणाली, "वल्ल्या मोहावर काजळी बसली त तो मोह बजारात कोन घेईन? आन आखरीले अजून एक लिवा. मले इचारलं नाई. इचारलं तवा दुसरंच इचारलं."

ते शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. ती म्हणाली, "लिवा न बाई, तुमच्यावर राग नाई." मी लिहिलं.

सोमवारी टोल्यातली माणसं कागद घेऊन स्वतः कचेरीत आली. साहेबांनी एकेक मोजून आवक रजिस्टरात नोंदवून घेतले. आठ दिवसांनी सुनावणी लागली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले. जिल्हा तेव्हा नवा नवा वेगळा झाला होता आणि साऱ्यांनाच घाई असायची. सभागृहात खाली सतरंजीवर टोला बसला होता, खुर्च्यांवर साहेब आणि ते अधिकारी, आणि कोपऱ्यात यंत्र घेऊन मी. बोललेलं तिथल्या तिथे टाइप करायचं, हे माझं काम.

अधिकाऱ्यांनी डोमाजीभाऊंना उभं केलं. "आधी तुम्ही 'हरकत नाही' म्हणून अंगठा दिला. आता 'हरकत आहे' म्हणून दिला. यातला खरा कोणता?"

"दोनी खरेच आहेत जी."

"असं कसं?"

डोमाजीभाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. सतरंजीवरचं कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, तेव्हा मला कळलं की हे वाटेतच ठरलेलं आहे. ते म्हणाले, "आमी अडानी मानसं साहेब. आयकन्यात चूक झाली."

"म्हणजे नोटीस बरोबर होती, तुम्ही चुकीचं ऐकलंत," अधिकारी म्हणाले. "मग पहिला अंगठा कायम धरावा लागेल." आणि माझ्याकडे वळून, "लिहा, बाई."

माझी बोटं कळांवर होती. लिहिलं असतं तर विषय संपला असता, टोल्याचाही आणि माझाही. मी कायम झाले असते. डोमाजीभाऊ मला वाचवायला आपली बोडी देऊन मोकळे होत होते आणि बहुधा त्यांना ते ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं. मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चूक ऐकण्यात नव्हती, लिहिण्यात होती. मसुद्यात 'कचरा भस्मीकरण संयंत्र' आहे. 'भट्टी' मी केलं. मसुदा फाइलीत आहे."

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. मसुदा आणि नोटीस शेजारी शेजारी धरून वाचली. ते काही बोलायच्या आत आमचे साहेब म्हणाले, "नोटिशीवर सही माझी आहे. मी विषय वाचून सही केली, खालचं वाचलं नाही." एवढंच बोलून ते छताकडे बघत बसले. त्या माणसाचं मी आयुष्यभर देणं लागते.

"मग हे नोंदवा," अधिकारी मला म्हणाले.

"काय नोंदवू?"

"आत्ता बोललात तेच."

मी बसले आणि टाइप केलं. 'नोटिशीतील भट्टी हा शब्द टंकलेखकाने आपल्या मनाने घातला असून त्यामुळे ग्रामस्थांचा गैरसमज झाला.' एकही अक्षर चुकलं नाही. पाहिजे तर तो कागद अजून बघता येईल.

पहिली नोटीस रद्द झाली. नवी काढायची ठरली, नव्यानं तीस दिवस. या खेपेला मी शब्द आपल्या मनानं घातला नाही. टोल्यात जाऊन विचारलं, याला तुम्ही काय म्हणाल? पारबताबाईला विचार करावा लागला नाही. "कचऱ्याचं मसन," ती म्हणाली. साहेबांनी मसनावर सही करायला नकार दिला. शेवटी आम्ही दोघांनी बसून एक लांबलचक वाक्य केलं: 'येथील व बाहेरगावचा कचरा गाड्यांनी आणून, मोठ्या धुराड्याच्या यंत्रात रोज जाळण्याचे योजिले आहे.' तेच वाक्य विषयातही आणि मजकुरातही. दशरथ कोतवालानं ते टोल्यात नीट वाचून दाखवलं आणि मग डफ वाजवून आपलं केलं, "म्हंजे आयका हो, कचऱ्याचं मसन होऊन राह्यलं."

यावेळी हरकती फक्त टोल्यातून आल्या नाहीत. गावातूनही आल्या, डॉक्टरांच्या आल्या, शाळेच्या मास्तरांच्या आल्या. आवक रजिस्टरची दोन पानं भरली.

मला मेमो मिळाला. 'आपण मसुद्यातील शब्द परस्पर बदलून कर्तव्यात कसूर केली असल्याने आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.' कचेरीत मराठी टंकलेखक मी एकटी. त्यामुळे माझी ताकीद मीच टाइप केली, तीन प्रतींत. माझा प्रस्ताव मागे पडला आणि मी दीड वर्षानं कायम झाले. घरी सांगितलं तेव्हा बाबा वरोऱ्याहून आले होते. त्यांनी मेमो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "लिवनारा आपला असला त बरं, असं मी म्हनलं होतं. तो चुकनार नाई असं नाई म्हनलं."

धान कापणीला आला तेव्हा वरून पत्र आलं. 'हळदटोला येथील प्रस्तावित स्थळ योजनेतून वगळण्यात येत आहे.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. 'वगळण्यात'च आहे, 'ठेवण्यात' नाही, याची खात्री करून घेतली. मग साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन टोल्यात गेले. डोमाजीभाऊ शेताच्या बांधावर बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, मराठीत सांगा."

"होत नाही, भाऊ," मी म्हटलं. "कचऱ्याचं काही इथं होत नाही."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. इतके महिने माझ्या छातीवर जे बसलं होतं ते त्या बांधावर उठून गेलं. परत येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी खूप दिवसांनी स्वस्थ झोपले आणि माझा थांबा पुढे निघून गेला.

मिरचीचा गेलेला हंगाम मात्र मी कुणाला परत देऊ शकले नाही. तो हिशेब तसाच राहिला. टोल्यातल्या कुणी तो मला कधी बोलून दाखवला नाही, म्हणून मीच इथं लिहून ठेवते.

त्याच हिवाळ्यात धान घरात आल्यावर डोमाजीभाऊ पुन्हा कचेरीत आले. हातात कागद नव्हता. सोबत पारबताबाई, पदर खोचून. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, एक अर्ज टाइप करून द्या. पाच-सहा घरं मिळून भट्टी टाकून राह्यलो आमी. बोडीतली माती काढाची परवानगी पायजे. बोडीही खोल होईन."

मी कार्बन लावले आणि कागद चढवला. "काय लिहू?"

डोमाजीभाऊंनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "पहिले 'इटा' लिवा. मंग 'भट्टी' लिवा," ते म्हणाले. "आन वरतं नोका लिवू. वरतंचं कोनी वाचत नाई. खालती लिवा."

मी वरही लिहिलं आणि खालीही लिहिलं. पारबताबाई यंत्रावर वाकून बघत होती. वाचता येत नव्हतं, पण तिनं बोट ठेवून विचारलं, "यातलं 'इटा' कोनतं?" मी दाखवलं. मग तिच्या समाधानासाठी कागद मागे सरकवला आणि त्या शब्दाखाली रेघ मारली.